स्वस्त मोबाईलचे इंटरनेट केबलद्वारे संगणकाला

खरिपाच्या पीक विम्याची मुदत संपत आली की बीड जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणच्या सेवा केंद्रांवर शेतकऱ्यांची रीघ लागते. २०२३ मध्ये ही मुदत ३१ जुलैवरून ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. २०२४ मध्ये ती १५ जुलैवरून ३१ जुलैपर्यंत न्यावी लागली. मुदत वाढली तरी अनेकांचे अर्ज शेवटच्या दोन दिवसांवरच येतात आणि नेमकी त्याच वेळी लाईट जाते किंवा ब्रॉडबँडची लाईन बंद पडते. सातबारा, बँकेचे पासबुक, पीक पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र असे सारे कागद हातात असूनही केवळ इंटरनेट नाही म्हणून शेतकरी परत फिरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीभाडे आणि पुन्हा एका दिवसाची मजुरी बुडते. मुदत टळली तर हंगामभराचे विमा संरक्षण जाते, ते वेगळेच.

वास्तविक आज बऱ्याच गावांत संगणक आहे. ग्रामपंचायतीत आहे, शाळेत आहे, शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात आहे, कुणाच्या घरी मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला जुना डेस्कटॉप आहे. कमतरता असते ती लाईनची. दुसरीकडे, खिशातल्या सात-आठ हजारांच्या मोबाईलमध्ये फोर-जी इंटरनेट असते आणि त्यातला रोजचा दीड-दोन जीबी डेटा पुष्कळदा शिल्लक राहतो. हे दोन्ही एका साध्या केबलने जोडता येते. या सोयीला यूएसबी टिदरिंग म्हणतात. यासाठी कोणतेही वेगळे यंत्र किंवा ॲप लागत नाही. ही जोडणी कशी करावी, ती कुठे अडते आणि अडल्यास काय करावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

फोन केबलने संगणकाला जोडून इंटरनेट चालविणे ही काही आजची युक्ती नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत डब्लूएलएल आणि सीडीएमए फोन संगणकाला जोडून इंटरनेट चालविले जात असे. त्याआधी, १९९८ च्या सुमारास, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरातल्या सुमारे ७० गावांत सहकारी संस्थांचे संगणक एकमेकांना जोडण्याचा वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प राबविला गेला. तेव्हा एवढ्या गावांना जोडण्यासाठी सरकारी प्रकल्प उभारावा लागला होता.

फोनवरच अर्ज का भरू नये?

हा प्रश्न रास्त आहे. ई-पीक पाहणी ही फोनवरच करावयाची असते आणि ती फोनवरच सोयीची आहे. मात्र महाडीबीटीचा अर्ज, पीक विम्याच्या पोर्टलवरील शेतकऱ्यांसाठीचा विभाग, शेतकरी कंपनीचे जीएसटी विवरणपत्र किंवा ई-वे बिल ही कामे लहान पडद्यावर किचकट होतात. गट क्रमांकाचा एक आकडा चुकला तर पुढे दाव्याच्या वेळी अडचण येते. संगणकावर सातबारा एका बाजूला उघडून दुसऱ्या बाजूला अर्ज भरता येतो, स्कॅनर जोडता येतो आणि पावतीची छापील प्रत लगेच निघते. एका बैठकीत गटातील दहा-बारा शेतकऱ्यांचे काम उरकावयाचे असेल तर संगणकाला पर्याय नाही.

आणखी एक बाब आहे. २०२४-२५ मध्ये बीड जिल्ह्यात पीक विम्याचे बोगस अर्ज भरल्याची प्रकरणे उघडकीस आली. आपल्या नावावर, आपल्या गटात कोणता अर्ज भरला गेला आहे हे शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर पाहिलेले बरे. पीक विम्याचा बीड पॅटर्न म्हणून २०२० पासून देशभर ज्याची चर्चा झाली, ती ८०:११० ची पद्धत याच जिल्ह्यात सुरू झाली. त्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला आपला अर्ज आपणच तपासता यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

हॉटस्पॉट असताना केबल कशासाठी?

फोनचा हॉटस्पॉट चालू करून बिनतारी इंटरनेट देता येते, हे बहुतेकांना माहीत आहे. परंतु जुन्या डेस्कटॉप संगणकांत वाय-फायची सोय बहुधा नसते. तेथे हॉटस्पॉट कितीही चालू केला तरी संगणकाला तो दिसत नाही. दुसरे म्हणजे हॉटस्पॉटवर फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. केबल जोडली की इंटरनेट देता देता फोन थोडाफार चार्जही होत राहतो. थोडाफार असे म्हणण्याचे कारण, संगणकाच्या साध्या यूएसबी पोर्टमधून ५०० मिलिॲम्पिअर एवढाच प्रवाह मिळतो, आतून निळ्या असलेल्या यूएसबी ३ पोर्टमधून ९०० मिलिॲम्पिअरपर्यंत मिळतो. रेंज कमी असेल तर फोन टॉवरशी बोलण्यात जास्त वीज खर्च करतो आणि केबल जोडलेली असूनही बॅटरी हळूहळू उतरते. त्यामुळे दिवसभराचे काम असेल तर सकाळी फोन पूर्ण चार्ज करूनच बसावे.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन हॉटस्पॉटला जोडले जाऊन डेटा संपणे, हा प्रकार केबलमध्ये होत नाही. पाटाने पाणी सोडले तर वाटेत चार ठिकाणी झिरपते, पाइपलाइनने थेट आपल्याच शेतात येते, तसेच हे आहे.

लाईट गेली तर काय, हेही येथे सांगितले पाहिजे. ब्रॉडबँडचा राऊटर विजेवर चालतो. मोबाईलच्या टॉवरला मात्र बॅटरीचा आणि काही ठिकाणी जनरेटरचा आधार असतो, त्यामुळे लाईट गेल्यावरही काही काळ रेंज टिकते. लॅपटॉप किंवा इन्व्हर्टरवरचा संगणक आणि केबलने जोडलेला फोन एवढ्यावर काम पुढे नेता येते. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत सिंदफणा आणि गोदावरीकाठच्या गावांनी पुराचे दिवस काढले. तशा वेळी तार-खांबांवर आणि एकाच लाईनवर विसंबून राहणे परवडत नाही.

केबल निवडताना

यूएसबी टिदरिंग होत नाही अशा तक्रारींत पहिला संशय केबलवर घ्यावा. दिसायला सारख्या असणाऱ्या केबलींचे आतून दोन प्रकार असतात. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, त्यांपैकी दोन वीज नेतात आणि दोन माहिती नेतात. रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींमध्ये माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने फोन चार्ज होतो, पण संगणकाला तो फोन आहे हे कळतच नाही. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर मोटारीला वीज आली, पण पाइपच जोडलेला नाही.

दुकानात मागताना ‘चार्जिंगची वायर’ न मागता ‘डेटा केबल’ मागावी. फोनबरोबर डब्यात आलेली मूळ केबल जपून ठेवली असेल तर तीच सर्वांत उत्तम. केबलची परीक्षा सोपी आहे. फोन संगणकाला जोडावा आणि फोनच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढून सूचना पाहाव्यात. ‘यूएसबीद्वारे चार्ज होत आहे, इतर पर्यायांसाठी दाबा’ अशा अर्थाची सूचना दिसली तर केबल डेटाची आहे. केवळ बॅटरीचे चिन्ह हलते आणि सूचना काहीच येत नाही, असे असेल तर आधी केबल बदलून पाहावी.

जुन्या फोनला मायक्रो यूएसबी पिन असते, अलीकडच्या फोनला टाईप-सी. मायक्रोची पिन वारंवार काढघाल केल्याने सैल होते आणि फोन जरा हलला की जोडणी तुटते. शेतात वापरलेल्या फोनच्या खाचेत धूळ आणि कापसाचे तंतू दाबून बसतात. फोन बंद करून लाकडी काडीने ते अलगद काढावेत. सुई किंवा तार घालू नये. डेस्कटॉप संगणकाच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या वायरीने जोडलेले असतात आणि जुन्या संगणकात ते बहुधा सैल झालेले असतात. केबल मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावावी.

फोनमधील जोडणी

फोनचा मोबाईल डेटा चालू करावा आणि फोनवर एखादे पान उघडते आहे ना, याची प्रथम खात्री करावी. फोनलाच इंटरनेट नसेल तर तो संगणकाला कोठून देणार? नंतर केबल जोडावी. मग सेटिंग्जमध्ये जाऊन ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ आणि त्यात ‘हॉटस्पॉट अँड टिदरिंग’ उघडावे. सॅमसंगच्या फोनमध्ये हाच पर्याय ‘कनेक्शन्स’ या भागात मिळतो. इतर कंपन्यांनी त्याला ‘पोर्टेबल हॉटस्पॉट’, ‘पर्सनल हॉटस्पॉट’ अशी नावे दिली आहेत. शोधत बसण्यापेक्षा सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत ‘टिदरिंग’ हा शब्द टाकावा. फोनची भाषा मराठी असेल तर तो शब्द ‘टेदरिंग’ असा लिहिलेला आढळतो. तेथील ‘यूएसबी टिदरिंग’ चे बटण चालू करावे.

केबल जोडण्यापूर्वी हे बटण फिकट दिसते आणि दाबले जात नाही. येथे अनेकजण ‘आपल्या फोनमध्ये ही सोय नाही’ असे समजून थांबतात. बटण फिकट आहे याचा अर्थ केबल जोडलेली नाही, किंवा जोडलेली केबल डेटाची नाही, एवढाच असतो.

बटण चालू केल्यावर संगणकाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तारेच्या जोडणीचे चिन्ह उमटते. संगणक फोनला वाय-फाय न समजता तारेचे नेटवर्क, म्हणजे इथरनेट, समजतो. येथे पासवर्ड लागत नाही. केबल काढली किंवा फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की हे बटण आपोआप बंद होते. विजेच्या लपंडावात संगणक बंद-चालू झाला तरी असेच होते. प्रत्येक वेळी ते पुन्हा चालू करावे लागते, त्यात फोनचा दोष नाही.

दोन सिमच्या फोनबाबत एक सावधगिरी बाळगावी. स्वस्त फोनमध्ये एका वेळी एकाच सिमचा डेटा चालतो आणि दुसऱ्या सिमवर फोन आला की बोलणे संपेपर्यंत पहिल्या सिमचे इंटरनेट थांबते. डेटाच्या सिमवर व्होल्ट चालू नसेल तर त्याच सिमवरील फोननेही इंटरनेट थांबते किंवा अगदी मंद होते. अर्ज ‘सबमिट’ करण्याच्या क्षणी असा फोन आला की पान अर्धवट राहते आणि अर्ज गेला की नाही हे कळत नाही. म्हणून टिदरिंगसाठी शक्यतो घरातला दुसरा फोन घ्यावा आणि ज्याच्या आधारला क्रमांक जोडलेला आहे तो फोन ओटीपीसाठी बाजूला मोकळा ठेवावा. एकच फोन असेल तर ज्या सिमचा डेटा वापरावयाचा नाही ते काम संपेपर्यंत बंद करावे. मात्र ओटीपी त्याच क्रमांकावर येणार असेल तर ते चालूच ठेवावे लागेल. त्या वेळी घरच्यांना थोडा वेळ फोन करू नका, असे सांगून ठेवणे हाच उपाय.

संगणकाने फोन ओळखला नाही तर

विंडोज १० व ११ मध्ये बहुधा काहीच करावे लागत नाही. विंडोज ७ मध्ये किंवा क्वचित १० मध्येही संगणक फोनला ओळखतो, पण नेटवर्क म्हणून घेत नाही. कारण त्यासाठी लागणारा ड्रायव्हर तो इंटरनेटवरून उतरवू पाहतो आणि इंटरनेट तर अजून आलेलेच नसते. हा पेच सोडविता येतो, कारण आवश्यक ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, फक्त तो हाताने निवडून द्यावा लागतो.

याकरिता ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे. तेथे पिवळ्या त्रिकोणाच्या खुणेने ‘आरएनडीआयएस’ किंवा फोनचे नाव दिसेल. त्यावर माऊसचे उजवे बटण दाबून ‘अपडेट ड्रायव्हर’ घ्यावे. पुढे संगणकातच शोधण्याचा, आणि त्यानंतर यादीतून स्वतः निवडण्याचा पर्याय घ्यावा. यादीत ‘नेटवर्क ॲडाप्टर्स’, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि त्यात ‘रिमोट एनडीआयएस’ ने सुरू होणारे इंटरनेट शेअरिंग डिव्हाइस निवडावे. हा ड्रायव्हर या उपकरणासाठी योग्य नसेल असा इशारा येतो, तेथे ‘येस’ म्हणावे. क्षणभरात जोडणी उमटते. एकदा केलेले हे काम त्या फोनपुरते संगणक लक्षात ठेवतो.

चिन्ह उमटले पण पान उघडत नाही, असेही होते. अशा वेळी जोडणीच्या तपशिलात संगणकाला मिळालेला पत्ता पाहावा. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल तर फोनने संगणकाला पत्ताच दिलेला नाही. टिदरिंगचे बटण बंद करून पुन्हा चालू करावे. तरीही जमले नाही तर फोन व संगणक दोन्ही बंद-चालू करावेत. पत्ता बरोबर असूनही पान उघडत नसेल आणि फोनवर मात्र उघडत असेल, तर फोनच्या सिम सेटिंगमधील ‘ॲक्सेस पॉइंट नेम’ मूळ स्थितीवर आणावे. सिम एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत पोर्ट केले आणि सेटिंग जुनीच राहिली, तर हा घोटाळा होतो.

आणखी एक बिघाड आहे, तो इंटरनेटचा वाटतो पण नसतो. पाच-सात वर्षे जुन्या डेस्कटॉपमध्ये तारीख-वेळ सांभाळणारा सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा बटणासारखा सेल संपलेला असतो. लाईट गेली की संगणकाची तारीख मागे, कित्येक वर्षे मागे जाते. मग सरकारी पोर्टल उघडताना ‘तुमचे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा संदेश येतो, कारण सुरक्षित संकेतस्थळाच्या दाखल्याची मुदत आणि संगणकाची तारीख जुळत नाही. शेतकरी टिदरिंगला दोष देतो आणि पोर्टल बंद आहे म्हणून परत जातो. तारीख दुरुस्त करताच पान उघडते. घड्याळाच्या दुकानात मिळणारा हा सेल बदलला की कायमचा इलाज होतो.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून त्यावर येत नाहीत. विंडोज १० ची नियमित मुदतही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. जुना संगणक टाकून देण्याऐवजी त्यावर लिनक्स घालून घेणे हा विचार करण्याजोगा मार्ग आहे. लिनक्समध्ये यूएसबी टिदरिंगसाठी ड्रायव्हरची भानगड नसते. बटण चालू केले की इंटरनेट सुरू होते. मात्र स्कॅनर व प्रिंटर त्यावर चालतो का, हे जाणकाराकडून आधी पाहून घ्यावे.

डेटा वाया जाऊ देऊ नये

सर्वांत जास्त नुकसान येथे होते. संगणक फोनच्या जोडणीला तारेचे ब्रॉडबँड समजतो. त्याला वाटते पाणी फुकटचे आहे. तो लगेच विंडोजचे अद्ययावतीकरण, अँटिव्हायरस, क्लाउडवर फोटो चढविणे अशी राहिलेली कामे काढतो. विंडोजचे मोठे अपडेट काही जीबींचे असते. दीड जीबीचा दिवसाचा कोटा अर्धा अर्ज भरण्यापूर्वीच संपतो.

उपाय असा. विंडोज १० व ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ मधून ‘इथरनेट’ उघडावे आणि ‘मीटर्ड कनेक्शन’ चे बटण चालू करावे. ही जोडणी मोजून मापून वापरावयाची आहे, असे त्यामुळे संगणकाला कळते आणि मोठी अपडेट तो थांबवून ठेवतो. जोडणी प्रथम केली त्याच दिवशी, दुसरे काहीही उघडण्यापूर्वी हे बटण चालू करावे. अद्ययावतीकरण कायमचे बंद ठेवणे मात्र योग्य नाही. महिन्यातून एखाद्या रात्री, शिल्लक कोट्यावर ते होऊ द्यावे.

दिवसाचा कोटा संपल्यावर बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ केबी. ५०० केबीची सातबाऱ्याची फाईल चढवायला एक मिनिटाहून अधिक लागते, तर फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला ५ एमबीचा पासबुकचा फोटो चढवायला दहा मिनिटांच्या वर. तोवर पोर्टलची वेळमर्यादा संपून बाहेर फेकले जाण्याचीच शक्यता जास्त. म्हणून कागद आदल्या दिवशी कमी आकारात, अक्षरे स्पष्ट वाचता येतील एवढे ठेवून, स्कॅन करावेत. फाईलला ‘इमेज १’ असे नाव न ठेवता शेतकऱ्याचे नाव व गट क्रमांक घालावा. कोटा रात्री बारानंतर नवा मिळतो. मुदतीच्या दिवसांत रात्री उशिरा किंवा पहाटे पोर्टलवरची गर्दीही कमी असते, हे सेवा केंद्र चालविणारे जाणतात.

रेंज आणि फोनची जागा

बीड जिल्ह्यातून बालाघाटच्या डोंगररांगा जातात. गेवराई, माजलगावच्या सपाट गंगथडीत रेंज मिळते त्याच कंपनीची रेंज धारूर, पाटोदा भागातल्या दरीतील वाडीत किंवा तांड्यावर मिळेलच असे नाही. त्यातच पत्र्याचे घर असेल तर पत्रा रेडिओ लहरी अडवितो. पत्र्याच्या खोलीच्या मध्यभागी फोन ठेवून रेंजची वाट पाहणे म्हणजे टाकीचे झाकण लावून पाऊस साठविण्यासारखे आहे.

केबलचा खरा फायदा अशा घरी दिसतो. संगणक आत ठेवावा आणि फोन खिडकीत किंवा दारापाशी उंचावर. साधी यूएसबी केबल ५ मीटरपेक्षा लांब घेऊ नये, त्यापुढे माहितीही नीट जात नाही आणि चार्जिंगही होत नाही. दोन-तीन मीटरची जाड केबल पुरेशी होते.

जागा अंदाजाने ठरविण्यापेक्षा मोजून ठरवावी. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ आणि त्यात ‘सिम स्टेटस’ येथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. हा आकडा उणे असतो. फोर-जीसाठी उणे ९० च्या आसपास असेल तर चांगले, उणे १०० ला काम चालते, उणे ११० च्या खाली गेले की अर्ज भरण्याच्या भरवशावर राहू नये. घरात चार ठिकाणी फोन ठेवून प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबून आकडा लिहून घ्यावा. हात-दोन हात अंतराने दहा आकड्यांचा फरक पडलेला दिसतो.

खिडकीत फोन ठेवताना ऊन येणार नाही हे पाहावे. एप्रिल-मेमध्ये तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. उन्हात ठेवलेला, चार्ज होत असलेला आणि इंटरनेट देत असलेला फोन तिन्ही बाजूंनी तापतो आणि आधी चार्जिंग, मग वेग कमी करतो. जाड कव्हर काढून ठेवावे. उशी किंवा सतरंजीवर फोन ठेवू नये.

अर्थिंगकडे दुर्लक्ष नको

विहिरीवरच्या मोटारीच्या अर्थिंगची काळजी घेणारा शेतकरी घरातल्या संगणकाच्या अर्थिंगचा विचार करीत नाही. अर्थिंग नसलेल्या जागी डेस्कटॉपच्या लोखंडी डब्याला हात लावला तर मुंग्या आल्यासारखा सूक्ष्म झटका बसतो. केबलमुळे तोच डबा फोनच्या धातूच्या भागाशी जोडला जातो. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून असा फोन हाताळला की झटका जाणवतो. मुंग्या येणे हा अर्थिंग नसल्याचा इशारा आहे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसविण्यासाठी मधली पिन कापण्याची सवय सोडावी आणि वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा करून घ्यावा. खड्ड्यात मोटारीच्या अर्थिंगप्रमाणेच उन्हाळ्यात पाणी घालीत राहावे. विजा चमकत असताना संगणकाचा प्लग बोर्डातून काढावा आणि केबलही सोडवावी.

दुसऱ्याच्या संगणकाला फोन जोडताना

सेवा केंद्राची लाईन बंद असेल तर तेथील चालकाला ‘माझ्या फोनचे इंटरनेट घ्या’ असे म्हणता येते. मुदतीच्या दिवशी याने दोघांचेही काम होते. मात्र जोडताना फोन ‘फाईल ट्रान्सफर’ या पर्यायावर नाही ना, हे पाहावे. त्या पर्यायात फोनमधील फोटो व कागदपत्रे संगणकाला दिसतात. केवळ टिदरिंगमध्ये ती दिसत नाहीत. ‘यूएसबी डिबगिंग’ ला परवानगी द्यायची का, असे फोनने विचारले तर नकार द्यावा. टिदरिंगला त्याची गरज नाही. काम संपल्यावर ब्राउझरमधून आपण उघडलेले खाते बंद करून उठावे आणि डाउनलोड झालेली आधारची प्रत पुसावयास सांगावी. २०२३ व २०२४ च्या खरिपात विमा अर्जामागे केंद्रचालकाला ४० रुपये मानधन विमा कंपनीकडून मिळत होते आणि शेतकऱ्याने हप्त्याचा एक रुपयाच द्यावयाचा होता. एक रुपयाची ती सवलत २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता अन्नधान्य व गळित पिकांना खरिपात २ टक्के, रब्बीत १.५ टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्के असा हप्ता भरावा लागतो. शिवाय शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणीची नोंद आवश्यक केली आहे. हप्त्याची रक्कम मोठी झाल्याने पैसे कापले गेले पण पावती आली नाही, या प्रसंगाची धास्ती वाढली आहे.

तसे झालेच तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. इंटरनेट परत आल्यावर प्रथम पोर्टलवर अर्जाची स्थिती पाहावी आणि बँकेच्या संदेशातील व्यवहार क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. अर्ज ‘पेड’ दिसत असेल तर पावती पुन्हा छापता येते. ‘अनपेड’ दिसत असेल तर बँकेकडून रक्कम परत येते की अर्जाला लागू होते याची एक-दोन दिवस वाट पाहावी लागते, आणि एवढे दिवस हाताशी असावेत म्हणून अर्ज मुदतीच्या किमान आठवडाभर आधी भरावा.

हंगाम संपल्यावर ही जोडणी गुंडाळून ठेवण्याचे कारण नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची हवामानावर आधारित कृषी सल्ला पत्रिका दर मंगळवारी व शुक्रवारी निघते. गावातल्या एकाने ती संगणकावर उतरवून छापावी आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. एका पत्रिकेला एखाद-दोन एमबीच्या वर डेटा क्वचितच लागतो.